ट्रकच्या जुन्या टर्बोपासून घरी जेट इंजिन होईल का, आणि सुरुवात कुठून करू?

हे विचारणारे निपाणीचे आहेत, डिप्लोमा करतात आणि घरी फक्त वेल्डिंग मशीन आणि ड्रिल आहे म्हणतात.

तेवढ्यावर होईल. मी बेळगावात उद्यमबागेत मशीनशॉपला आहे, मित्रांसोबत असं इंजिन बनवून चालवलंय. एकाच शाफ्टवर हवा दाबणारा कंप्रेसर आणि गरम वायूने फिरणारं टर्बाइन, मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे, हे सगळ्यात अवघड काम टर्बोत तयारच मिळतं. ती चाकं लेथवर कापायच्या नादाला लागू नका.

तुम्हाला बनवायचाय तो कंबशन चेंबर, म्हणजे इंधन जळतं तो डबा, आणि सगळी गंमत त्याच्या आतल्या भोकांच्या नळीत, फ्लेमट्यूबमध्ये आहे. कंप्रेसरच्या चाकाचा तोंडाकडचा व्यास मोजा. समजा ५० मिमी आला. मग नळी १०० मिमी व्यासाची, ३०० मिमी लांब, आणि सगळ्या भोकांचं क्षेत्रफळ मिळून त्या तोंडाएवढं, म्हणजे साधारण १९६० चौरस मिमी. ३०४ स्टेनलेसचा पत्रा घ्या. ज्योतीच्या टोकाला बारीक भोकं, तिथून ३० टक्के हवा. मध्ये २० टक्के. शेवटी मोठ्या भोकांतून निम्मी हवा नुसती वायू थंड करायला. ती निम्मी महत्त्वाची, कारण ज्योत १९०० अंशांच्या घरात जाते आणि टर्बाइनचं चाक त्याच्या निम्म्यालाही टेकीला येतं. एकदा चालवून नळी बाहेर काढा. पत्रा जिथे निळा-काळा पडलाय तिथे ज्योत भिंतीला चाटतेय, भोकांची जागा तिथे बदलायची.

इंधनाला एलपीजी सोपा. पण घरचा १४.२ किलोचा सिलिंडर लावू नका, ते बेकायदेशीर आहे.

पेटलं नाही तर लगेच पुन्हा ठिणगी देऊ नका. आधी ब्लोअरने चेंबर चांगला झाडून घ्या. १२ एप्रिल १९३७ला जेट इंजिनाचे ब्रिटिश जनक फ्रँक व्हिटल यांचं पहिलं इंजिन इंग्लंडमधल्या रग्बी गावात चाललं तेव्हा इंधन तोडलं तरी वेग वाढतच गेला, कारण आत आधीच साचलेलं इंधन जळत होतं. आणि चाकांच्या रेषेत, बाजूला, कोणालाही उभं करू नका. चाक फुटलं तर तुकडे तिकडेच उडतात.

आता सुरुवात. पत्रा कापायच्या आधी तेल. टर्बोचा शाफ्ट तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, म्हणून वेगळ्या मोटरवरचा पंप, ३-४ बार दाब, आणि परतीची नळी जाड, सरळ खाली उतरणारी. इंजिन बंद केल्यावरही तेल आणि ब्लोअर चालू ठेवायचे, नाहीतर बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा होतो. एवढं जोडून, आग न लावता, टर्बो नुसता ब्लोअरवर फिरवा. टर्बाइनच्या बाजूने तेल गळत राहिलं तर बहुधा सील गेलंय, तो टर्बो परत करा आणि दुसरा शोधा.