सर्टिफिकेट राहू दे, आधी सुट्या भागांची यादी पाठव

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. सोल्डरिंग स्टेशनची (तारेचे, सुट्या भागांचे जोड धातू वितळवून जोडायच्या यंत्राची) युरोपातली पहिली ऑर्डर, चार महिन्यांत माल जहाजावर चढवायचाय, आणि शेवटी जाता जाता एक प्रश्न: "सीई सर्टिफिकेट कोण देतं आणि किती दिवसांत मिळतं?" तीन पानांच्या पत्रात खरी मेख या एका ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सीई म्हणजे युरोपातल्या नियमांत वस्तू बसते असं सांगणारं चिन्ह, आणि त्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही. वैद्यकीय उपकरणं, प्रेशर व्हेसल अशा काही जोखमीच्या वस्तूंना मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेची मंजुरी लागते. तुझ्या स्टेशनला नाही. तिथे उत्पादकानं स्वतःच तपासायचं, स्वतःच अनुरूपतेच्या, म्हणजे वस्तू नियमांत बसते अशा, घोषणापत्रावर सही करायची आणि किमान 5 मिलिमीटर उंचीची ती दोन अक्षरं वस्तूवर उमटवायची. म्हणजे सही तुझी आणि मानही तुझीच. "तीन दिवसांत सीई" अशी जाहिरात करणाऱ्यांचे फोन येतील; त्यांचा कागद छान दिसतो, सोनेरी शिक्काही असतो. युरोपातला बाजार-निरीक्षक तो बाजूला सारतो आणि तांत्रिक फाइल मागतो.

फाइलमध्ये काय असतं ते सांगतो. ड्रॉइंग, सर्किट, सुट्या भागांची यादी, जोखमीचं विश्लेषण, कोणती मानकं लावली आणि त्यांचे चाचणी अहवाल. तुझ्या वस्तूला तीन कायदे मुख्य लागतील: विजेच्या सुरक्षेचा (एसी 50 ते 1000 व्होल्टमधली उपकरणं त्यात येतात), विद्युतचुंबकीय सुसंगततेचा म्हणजे ईएमसीचा (एका उपकरणानं दुसऱ्याच्या कामात विजेची गडबड करू नये), आणि घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा रोह्स. शेवटचा माल बाजारात आल्यापासून 10 वर्षं फाइल जपायची. पहिल्या दोन कायद्यांसाठी लॅबला पैसे मोजले की काम होतं. नापास झालात तर अर्थिंग, अंतरं, फिल्टर सुधारून पुन्हा जाता येतं. तिसऱ्यात मात्र लॅब पुरत नाही. ते मी फार महागात शिकलोय.

रोह्समध्ये दहा पदार्थ आहेत. कॅडमियमला 0.01 टक्के, बाकीच्या नऊंना 0.1 टक्के मर्यादा. ही टक्केवारी अख्ख्या यंत्राच्या वजनावर मोजत नाहीत. यांत्रिक रीतीनं ज्याचे आणखी वेगळे पदार्थ करता येत नाहीत असा प्रत्येक एकजिनसी पदार्थ स्वतंत्र धरतात: वायरचं वेष्टन वेगळं, आतलं तांबं वेगळं, सोल्डरचा प्रत्येक जोड वेगळा. आमचे सर्किट बोर्ड शिसंमुक्त सोल्डरवरच बनत होते. नमुने लॅबमध्ये गेले, उत्तम पास झाले. पहिले दोन लॉट गेले. तिसऱ्यातलं एक युनिट आयातदारानं सहज एक्सआरएफ यंत्राखाली (क्ष-किरणांनी वस्तूतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) धरलं आणि एका जोडात शिसं भरभरून निघालं. शोधता शोधता दुरुस्तीच्या टेबलापाशी पोचलो. लाइनवर नापास झालेले बोर्ड तिथे हातानं नीट व्हायचे, आणि खणात जुन्या 63/37 सोल्डर तारेचं (63 टक्के कथील, बाकी शिसं) रीळ पडलेलं होतं. 37 टक्के शिसं! कारागिराचं काय चुकलं? ती तार लवकर वितळते, जोड चकचकीत येतो, आणि ती वापरू नकोस असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अख्खा लॉट परत आला. अहवाल खोटा नव्हता; फक्त तो नमुन्यांचा होता, त्या लॉटचा नव्हता.

म्हणून लॅबच्याही आधी सुट्या भागांची यादी घेऊन बस. प्रत्येक ओळीपुढे पुरवठादार, मटेरियल आणि त्यानं दिलेलं लेखी घोषणापत्र. "आमचा माल रोह्स पास आहे" एवढ्यावर भागवू नकोस. कोणता पार्ट नंबर, कोणत्या तारखेचा अहवाल, ते बघ. पीव्हीसीच्या वायरी आणि स्लीव्ह यांवर खास डोळा ठेव: त्यांना मऊ करणारे चार थॅलेट 22 जुलै 2019 पासून या यादीत बसलेत, आणि त्याआधीचे अहवाल अजूनही बिनदिक्कत पुढे केले जातात. त्यात फक्त सहा पदार्थ तपासलेले असतात. मोजून बघ.

पितळेच्या पिना आणि टर्मिनलचं प्रकरण जरा गमतीचं आहे. तांब्याच्या मिश्रधातूंना रोह्सनं 4 टक्क्यांपर्यंत शिशाची सवलत दिली. अशा सवलतींना मुदत असते, ती तपासत राहायची. पण रीच नावाच्या, रसायनांवरच्या, दुसऱ्या युरोपीय कायद्यानं 2018 मध्ये शिसं अतिचिंताजनक पदार्थांत टाकलं. भागात ते 0.1 टक्क्याहून जास्त असेल तर गिऱ्हाइकाला कळवावं लागतं, आणि हे प्रमाण प्रत्येक सुट्या भागावर मोजायचं असा निवाडा युरोपीय न्यायालयानं 2015 मध्ये दिलाय. एकानं चालेल म्हटलं, दुसरा म्हणतो चालेल पण सांगा. रीचची यादी सहसा वर्षातून दोनदा वाढते, म्हणून हे काम एकदा करून विसरण्यातलं नाही.

खरेदी विभागाला एकच नियम घालून दे: पार्ट, पुरवठादार किंवा ग्रेड बदलायचा तर तुझ्या सहीशिवाय नाही. दोन पैशांनी स्वस्त स्लीव्ह मिळाली म्हणून आनंदानं बदलणारा माणूस प्रत्येक कंपनीत असतो, आणि तो प्रामाणिकच असतो.

आयातदाराशी आत्ताच स्पष्ट बोल. नेमप्लेटवर तुझ्या कंपनीचं नाव-पत्ता लागेल, त्यांचाही. माल त्यांच्या ब्रँडखाली विकणार असतील तर कायद्यानं उत्पादक ते ठरतात. मग घोषणापत्र त्यांचं, पण फाइल तुझ्याकडेच मागतील. सूचनापुस्तिका त्या-त्या देशाच्या भाषेत लागेल, ती कोण करणार? काट मारलेल्या कचरापेटीचं चिन्हही (वस्तू नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, असं सांगणारं) विसरू नकोस. लाकडी क्रेट वापरणार असशील तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवून त्यावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातून कीड परदेशात जाऊ नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का हवा.

अमेरिकेचं तू ओझरतं लिहिलंयस. तिथे सीईला किंमत नाही. व्होल्टेज 120, फ्रीक्वेन्सी 60 हर्ट्झ, आणि कामाच्या ठिकाणी वापरायच्या विजेच्या उपकरणाला तिथल्या मान्यताप्राप्त लॅबचा मार्क लागतो. ती लॅब पुढे कारखान्यातही तपासणीला येत राहते. ही ऑर्डर नीट जाऊ दे, मग त्याकडे वळू.

लॅबची तारीख अजून घेऊ नकोस. यादी पाठव, अर्धवट असली तरी चालेल. आणि आज घरी जाण्याआधी दुरुस्तीच्या टेबलाचा खण उघडून बघ.

तुझा,
काका