मुलगी १२ वर्षांची, कणा ३० डिग्री वाकडा. डॉक्टर ब्रेस (धडाला बांधायचा कडक प्लास्टिकचा पट्टा) म्हणतात, गावात मालिश सांगतात. काय करू?

भाऊ, ब्रेसच लावा. मालिशनं दुखणं हलकं होईल पण बाक सरळ होत नाही, अन् दप्तरानं झालं म्हणून राहिले लोकं ते बी खरं नाही, बहुतेक पोरींत कारण सापडतच नाही. २५ ते ४० डिग्री अन् उंची वाढायची बाकी असली की ब्रेस बहुतेक वेळा बाक वाढू देत नाही, पण दिवसाचे १८ तास तरी घातला पाहिजे. आता आपल्याकडच्या मे महिन्यात ते प्लास्टिक म्हणजे घामोळ्याचं घरच, आतून सुती बनियान घाला, घाम आला की बदला, ब्रेस काढायचे तास ऐन दुपारी ठेवा. सहा महिन्यांत एक्सरे काढाच. ऑपरेशनची गोष्ट बाक साधारण ५० डिग्रीच्या आसपास गेल्यावर. लग्नाची काळजी करणाऱ्या काकूंना चहा पाजून वाटेला लावा.