एअर रायफलची हवा: सिलिंडर घेण्याआधी त्याचा खांदा वाचा

दादा, मुलीसाठी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल घेतली, आता हवा भरायला हातपंप घ्यावा, छोटा कॉम्प्रेसर घ्यावा, की इथे गोव्यात हरमलला कोणी स्वस्तात देतोय तो डायव्हिंगचा सिलिंडर घ्यावा, असं तुम्ही साखळीहून विचारलंय. ते हरमलचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. तो सिलिंडर लगेच घेऊ नका. बाकीचं नंतर.

मी अगदी तसाच घेतला होता. सीझन संपवून मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी माणसाकडून. पिवळाधमक, कुठे पोचा नाही, गंज नाही, गेजवर १८० बार दाब. मी व्हॉल्व्ह बघितला, ठोकून बघितला, घासाघीस केली आणि गाडीत टाकला. खांद्यावर, म्हणजे व्हॉल्व्हखालच्या गोलाकार भागावर, कोरलेली अक्षरं तेवढी वाचली नाहीत. पोरीच्या रायफलला त्यातून दीड-दोन महिने हवा मिळाली, मग भरायला वास्कोतल्या बायण्याला डायव्हिंगवाल्यांकडे नेला. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने खांदा पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सिलिंडर परत माझ्याकडे सरकवला. "काका, हा आम्ही भरू शकत नाही."

त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे गॅस सिलिंडर रूल्स २०१६ लागू आहेत, आणि पेसोची (अशा सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता नसलेला सिलिंडर इथे भरता येत नाही. बाहेरून आलेला असेल तर आधी मान्यता लागते. मला वाटलं फक्त दाबाच्या टेस्टची तारीख उलटलीय. म्हणून गोव्याबाहेर सिलिंडर टेस्ट करणाऱ्या एका ठिकाणी पाठवला. नाव घेत नाही. आधी म्हणाले खरेदीचं बिल द्या. मग कंपनीचं सर्टिफिकेट. मग साहेब रजेवर. अकरा आठवडे दर सोमवारी फोन केला. शेवटी सिलिंडर परत आला तो ज्या गोणपाटात पाठवला त्याच गोणपाटात, सुतळीची गाठ मी मारलेली तशीच. उघडूनसुद्धा बघितला नव्हता. "मान्यता नसलेला आम्ही घेत नाही" हे एक वाक्य पहिल्या फोनवर सांगितलं असतं तर माझे पैसे आणि भाडं गेलं असतं, पण पोरीचे अकरा आठवडे गेले नसते. निवड चाचणीच्या आधीचे आठवडे ते. याचा राग अजून आहे.

तेव्हा आधी खांद्याचा फोटो मागवा. भारतीय मान्यतेच्या खुणा आणि शेवटच्या टेस्टचा महिना-वर्ष स्पष्ट दिसलं पाहिजे. विकणारा "रंगाखाली आहे" म्हणाला तर फोन ठेवा.

माझ्या मते गोव्यात सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे डायव्हिंगवाल्यांचाच सिलिंडर अनामत ठेवून भाड्याने घेणं. टेस्टची काळजी त्यांची, आणि श्वासासाठीची हवा असल्याने ती कोरडी आणि गाळलेली असते. अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद, त्यामुळे मे संपायच्या आत दोन सिलिंडर भरून घरी आणा. त्यांचा नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, २०७ बारचा. रायफलचा सिलिंडर २०० सीसी धरला आणि १०० वरून २०० बारला नेला, तर मोठा सिलिंडर एका भरणीला जेमतेम दोन बार उतरतो. सुरुवात नेहमी कमी दाब उरलेल्या सिलिंडरने करा आणि शेवट भरलेल्याने, म्हणजे पावसाळा निघतो. अॅडॉप्टर घ्यायच्या आधी त्यांच्या व्हॉल्व्हला डिन (आट्यांनी बसणारा) बसतो की योक (वरून आवळून बसणारा), ते विचारा.

हातपंप वाईट नाही, एकट्या शूटरला पुरतो. पण आपल्या दमट हवेचा हिशेब करा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. २०० सीसी २०० बारला भरायचं म्हणजे ४० लिटर हवा, म्हणजे जवळपास एक ग्रॅम पाणी. कोरडं करणारा फिल्टर नसेल तर त्यातलं बरंचसं रायफलच्या सिलिंडरमध्ये उतरतं आणि पुढे दाब एकसारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरला खराब करतं. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की बदला, कंटाळा करू नका. साठ-सत्तर स्ट्रोक झाले की पंपाला दहा मिनिटं विश्रांती द्या. पंपाला साधं मशीन ऑइल कधीच लावू नका, दाबाखाली ते पेटतं. फक्त सिलिकॉन ग्रीस. आणि वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन कोणी सुचवला तर त्याच्याशी बोलणंच थांबवा, त्याने स्फोट होतो.

कारच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरबद्दल माझं मत कडक आहे, कोणाला आवडणार नाही. पावसाळ्यात वेगळ्या फिल्टरशिवाय तो म्हणजे पाणी भरायचं यंत्र. फिल्टर लावणार असाल, दर काही मिनिटांनी पाणी सोडणार असाल आणि शेजारी उभे राहणार असाल तरच घ्या. मी काही इंजिनिअर नाही, हे सगळं वापरून शिकलोय. तुमच्या रायफलच्या पुस्तकात दाबाची मर्यादा दिलीय ती माझ्यापेक्षा वरचढ.

आणखी एक. रायफल सेकंडहँड असेल तर तिच्या स्वतःच्या सिलिंडरवरची तारीखही बघा. मॅच रायफलच्या सिलिंडरांचं आयुष्य बहुतेक कंपन्या १० वर्षं देतात, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत मुदतीतला सिलिंडर ही जबाबदारी खेळाडूचीच आहे. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेत साहित्य तपासतात त्या, टेबलावर हे कळलं तर पोर रडते, मी बघितलंय. भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा, आणि भरलेला सिलिंडर उन्हात गाडीत ठेवून बाजाराला जाऊ नका.

हरमलच्या माणसाकडून खांद्याचा फोटो मिळाला की इथेच टाका. अक्षरं जवळून घ्यायला सांगा, फ्लॅश न लावता. मी रात्री बघून सांगतो.