महाडचा धडा आणि वर्गात उभा केलेला मुलगा

‘मॅडम, यापुढे मी असले विषय सरळ ऑप्शनला टाकतो. धडा वाचून घेईन, प्रश्नोत्तरं लिहून देईन, संपलं.’ नववीला इतिहास शिकवणारे सर वैतागून सांगत होते. जात, हक्क, आंदोलनं असे विषय निघाले की मुलं एकमेकांना दुखावतात, पालकांचे फोन येतात, मग शिकवायचं कशाला? हा प्रश्न मला बऱ्याच शिक्षकांकडून ऐकायला मिळतो. म्हणून ही एक केस लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

झालं असं होतं. सर महाडच्या सत्याग्रहाबद्दल सांगत होते. २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेलं पाणी. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘सर, ते जुनं झालं. आता तर सगळं त्यांनाच मिळतं.’ दोघं-तिघं हसले. सर त्याच्यावर ओरडले, ‘गप्प बस!’ आणि वातावरण सावरायला दुसऱ्या एका मुलाकडे वळून प्रेमाने म्हणाले, ‘तू सांग रे, तुमच्या घरी बाबासाहेबांबद्दल खूप बोलत असतील ना? सांग सगळ्यांना.’ तो उभा राहिला, काही बोलला नाही, बसला. त्यानंतर इतिहासाच्या तासालाच त्याचं पोट दुखायला लागलं.

तो समुपदेशनासाठी माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं होतं, मागच्या बाकावरच्या त्या वाक्याबद्दल बोलेल. तो पेनचं टोपण काढत-घालत बराच वेळ बसला आणि म्हणाला, ‘मॅडम, सरांनी मलाच का उठवलं?’

त्या मुलाचा राग नाही आला का, असं विचारलं तर म्हणाला, ‘तो तसाच बोलतो. पण सर बोलल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या वेळी पण असंच होतं. सर नावं वाचतात, आम्ही उठून जातो.’

वर्गशिक्षकाने यादी हातात घेऊन नावं पुकारायची आणि ठरावीक मुलांनी कागदपत्रं घेऊन पुढे यायचं, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. मुलं मात्र पाचवी-सहावीपासून ती यादी पाठ करतात. कोण उठतं, कोण बसून राहतं, हे त्यांना नेमकं माहीत असतं. वर्गात जातीचा विषय सरांनी त्या दिवशी ‘काढला’ नव्हता, तो दरवर्षी फॉर्मबरोबर येतच होता. फक्त त्यावर कुणी बोलत नव्हतं.

सरांना मी एवढंच म्हटलं, की विषय चुकला नाही, साक्षीदार चुकला. कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभं करायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. मुलीला ‘मुलींच्या वतीने’ बोलायला लावणं किंवा मुस्लिम मुलाला ‘तुमच्यात कसं असतं’ विचारणं, हेही त्यातलंच. मूल आपणहून सांगत असेल तर जरूर ऐकावं. पण चाळीस जणांसमोर अचानक बोट दाखवलं की नाही म्हणायची सोय त्याला उरत नाही.

मागच्या बाकावरच्या मुलाशीही बोलले. ‘त्यांना म्हणजे कुणाला?’ असं विचारल्यावर तो अडखळला. थोरल्या भावाची अॅडमिशन हुकली होती, घरी रोज तोच विषय. त्याच्याकडे माहिती शून्य होती, चीड उसनी होती. ‘तो तर माझ्याच टीममध्ये आहे,’ असंही वर म्हणाला. मुख्याध्यापकांना वाटत होतं, याने वर्गासमोर माफी मागावी. मी स्पष्ट नको म्हटलं. माफीनाम्याच्या नावाखाली त्या उभ्या केलेल्या मुलाला परत सगळ्यांच्या नजरेसमोर आणायचं, एवढंच त्यातून झालं असतं.

मग पुढचा तास आम्ही दोघांनी मिळून आखला. सुरुवात एका प्रश्नाने: मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. मग १९२७ मध्ये सत्याग्रह का करावा लागला? मुलं तुटून पडली. कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांतलं अंतर त्यांनी स्वतःच शोधलं. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गं. नी. सहस्रबुद्धे हे दलित नसलेले लोक बाबासाहेबांच्या बरोबर होते, हेही सरांनी आवर्जून सांगितलं. त्यामुळे वर्गातल्या कुठल्याच मुलाला जन्मामुळे आरोपी व्हावं लागलं नाही.

खरी रंगत आली ती डिसेंबर १९२७ च्या प्रसंगावर. हजारो लोक पुन्हा महाडला जमलेत, पाणी घ्यायची तयारी आहे, आणि कोर्टाची मनाई आहे. तळ्यावर जायचं की थांबायचं? अट एकच: आधीचा काय म्हणाला ते त्याला पटेल असं सांगायचं, मगच आपलं मत मांडायचं. पहिली दहा मिनिटं रडतखडत गेली, कारण कुणी कुणाचं ऐकलंच नव्हतं. वादविवाद स्पर्धांनी आपण मुलांना जिंकायला शिकवतो, ऐकण्याला गुण कोण देतं! बाबासाहेबांनी तेव्हा तळ्यावर जाणं थांबवलं, खटला लढवला आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये बाजूने लागला, हे सरांनी शेवटी सांगितलं. ‘दहा वर्षं?’ असं तीन-चार जण एकदम ओरडले. आंदोलन म्हणजे नुसता मोर्चा नव्हे, हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आरक्षणाचा मुद्दा निघालाच. सरांना मी एक वाक्य दिलं होतं: ‘तू धोरणाबद्दल बोलतोयस की वर्गातल्या माणसांबद्दल?’ धोरणावर हवी तेवढी चर्चा करावी, आकडे आणावेत, असहमत व्हावं. माणूस बरोबरीचा आहे की नाही, हा मात्र चर्चेचा विषय नाही. तो प्रश्न अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या राज्यघटनेच्या कलम १७ ने मिटवला आहे. ‘शाळेत राजकारण नको’ म्हणणाऱ्या पालकांनाही सरांनी हेच सांगितलं. सगळ्यांना पटलं असं नाही.

राहिला फॉर्मचा प्रश्न. काही मुलं म्हणाली, आपण अर्ज देऊ या. कल्पना चांगली होती, पण ही लढाई मुलांनी लढायची नव्हती. ती पद्धत मोठ्यांची होती, मोठ्यांनीच मोडायला हवी होती. आता सूचना सगळ्या पालकांना एकत्र जाते आणि कागदपत्रं पालक थेट कार्यालयात देतात. क्लार्कची थोडी कुरकुर झाली, त्यांचं काम वाढलं हे खरंच आहे.

पोटदुखी लगेच थांबली नाही. दोन-तीन आठवडे तो तासाला येऊन नुसता बसायचा, आणि सरांनी त्याला काही विचारायचं नाही असं आमचं ठरलं होतं. सरांना तेच सगळ्यात अवघड गेलं.