वेल्थ मॅनेजमेंट फर्ममध्ये ऑपरेशन्सपासून (म्हणजे हिशेब-नोंदी सांभाळणाऱ्या बॅक ऑफिसपासून) सुरुवात केली तर माणूस तिथेच अडकतो का? की आधी सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली व्यावसायिक परीक्षा) करावं?

'बॅक ऑफिसला गेलास म्हणजे करिअर संपलं' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणारे बहुतेक असे आरएम, म्हणजे क्लायंट सांभाळणारे रिलेशनशिप मॅनेजर, असतात, ज्यांनी क्लायंटचं एक स्टेटमेंट कधी स्वतः जुळवलेलं नसतं.

नेहमीचं प्रकरण सांगतो. क्लायंटने १०० लावले, सहा महिन्यांत १२० झाले. खूश होऊन त्याने आणखी ८८० टाकले; झाले १०००. पुढच्या सहा महिन्यांत पाच टक्के पडझड, उरले ९५०. रिपोर्टवर छापलंय: परतावा १४ टक्के. क्लायंट विचारतो, "९८० दिले, ९५० राहिले, हे १४ टक्के आले कुठून?" आरएमला घाम फुटतो. खरं तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. १.२० गुणिले ०.९५ म्हणजे १.१४, हा टाइम-वेटेड परतावा. पैसे कधी आले-गेले याचा परिणाम त्यात धरत नाहीत. क्लायंट बोलतोय तो मनी-वेटेड, म्हणजे कधी किती पैसे टाकले ते धरून काढलेला परतावा (एक्सआयआरआर), आणि तो उणे आहे. फंड मॅनेजरला जोखायला पहिला योग्य. पण 'आता आणखी टाका' हे आपणच सुचवलं असेल, तर त्या १४ टक्क्यांच्या आड लपणं ही सरळ लबाडी.

हे ज्याला कळतं, त्याच्यावर क्लायंट विश्वास ठेवतो, आणि ते कळतं रिकन्सिलिएशन, म्हणजे नोंदींची जुळवणी, करताना. एका शेअरचे दोन झाले, भाव निम्मा झाला, पण सिस्टिममध्ये संख्या जुनीच राहिली, की होल्डिंग रातोरात निम्मं दिसतं. कस्टोडियनची (क्लायंटचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेची) फाइल रोज ताडून पाहणारा ते सकाळीच पकडतो. नाहीतर दुपारी क्लायंटचा फोन येतो.

फीचंही तेच. वर्षाला ८ टक्के वाढीतून १ टक्का फी गेली, तर २० वर्षांनी १०० चे ४६६ ऐवजी ३८७ होतात. हे तोंडावर सांगून वर फी मागता आली पाहिजे. चकचकीत प्रेझेंटेशनं कुणीही करतं.

सीएफए? करा, पण नोकरी करता करता. तीन लेव्हल आहेत, प्रत्येकीला तीनशे तास तरी धरा. २०२५ पासून तिसऱ्या लेव्हलला प्रायव्हेट वेल्थचा वेगळा पर्याय आहे, तोच घ्या. एमबीएबद्दल मला विचारू नका, वाद होईल.

आता एक मान्य करतो: तीन-चार वर्षांपलीकडे ऑपरेशन्समध्ये राहिलात तर खरंच शिक्का बसतो. दुसऱ्या वर्षापासून क्लायंट रिव्ह्यूच्या मीटिंगला बसू द्या म्हणून मागे लागा; नोंदी घ्या, रिपोर्ट तुम्ही समजावा. आणि ज्या फर्ममध्ये पगारवाढ फक्त नव्या एयूएमवर (म्हणजे सांभाळायला आणलेल्या नव्या पैशांवर) ठरते, तिथे हे सगळं ज्ञान कवडीमोल, हेही खरं. मुलाखतीतच विचारा: जुना क्लायंट टिकवल्याचं बोनसमध्ये काय मिळतं? आणि करारातलं नोकरी सोडल्यावर क्लायंटशी संपर्क न करण्याचं कलम सहीआधी वाचा.