बेसाचं नवं घर, एसी आणि फटी: आधी खोल्या वाटून घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. नागपुरात बेसाला दोन मजली घर, दिवाळीत वास्तू झाली, हा पहिलाच उन्हाळा. वरच्या बेडरूममध्ये दीड टनाचा एसी दुपारभर चालूनही खोली म्हणावी तशी गार होत नाही. खिडक्या बंद असून संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. तर सगळं घर एकदाच सीलबंद करून टाकावं का, असं तुम्ही विचारता.

तसं करू नका. बांधकामावर सुपरवायझर म्हणून माझी बावीस वर्षं गेली, तरी ही चूक मी माझ्याच घरात करून बसलो होतो. हॉलच्या सगळ्या फटी बुजवल्या आणि तिथेच कूलर लावला. तीन दिवसांत सोफ्याची कव्हरं दमट झाली, गारवा काही येईना. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. जेवढी आत येते तेवढी बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसती वाफ कोंडते. एसीचं नेमकं उलटं. तो आतलीच हवा फिरवून गार करतो, त्याला बाहेरची झुळूकही नको. म्हणून आधी खोल्या वाटून घ्या. कूलरची खोली मोकळी ठेवा. एसीच्या खोल्याच घट्ट करा, आणि मधलं दार हीच तुमची सीमा समजा.

आता फटी शोधायच्या कशा? परदेशात दारात मोठा पंखा बसवून घराची चाचणी घेतात. आत-बाहेर ५० पास्कल (दाबाचं एकक) इतका फरक ठेवून तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात; जर्मनीतल्या पॅसिव्ह हाऊसच्या, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या, मानकात ही मर्यादा तासाला ०.६ वेळा आहे. आपल्याला इतकं गाठायचं नाही, पण युक्ती तीच वापरता येते. वारा पडलेल्या संध्याकाळी खोलीचं दार-खिडक्या लावा, एसी आणि पंखा बंद करा, घरातला गॅस बंद असल्याची खात्री करा. खोलीला लागून असलेल्या बाथरूमचं दार उघडं ठेवून तिथला एक्झॉस्ट फॅन सुरू करा. मग अगरबत्ती पेटवून कडेकडेने हळू फिरवा. जिथे धुराची सरळ रेघ मोडून खोलीच्या आत वळेल, तिथून हवा येते. खडूने खूण करत जा.

माझ्याकडे सगळ्यात जोराची हवा खिडकीतून नव्हे, पलंगाच्या डोक्याशी असलेल्या स्विचबोर्डातून येत होती. धूर हातभर लांब फेकला गेला. हात लावून पाहिलं तर प्लेटच्या कडेने गरम फुंकर. मेन स्विच पाडून प्लेट काढली, तर वायरीच्या पाइपचं तोंड राखाडी धुळीने माखलेलं. तो पाइप स्लॅबमधून थेट गच्चीवर गेला होता, सोलर गीझरच्या वायरीसाठी, आणि वरचं तोंड उघडंच! मे महिन्यात तापलेल्या गच्चीवरची हवा सरळ माझ्या उशीपाशी उतरत होती. तुमच्याकडेही असं निघालं तर वरचं तोंड न वाळणाऱ्या मऊ पुट्टीने बुजवा. कडक होणारं काही भरलं तर पुढे वायर बदलता येणार नाही.

दुसरी जागा दाराखालची. तीन फुटी दाराखाली एक सेंटिमीटर फट म्हणजे जवळजवळ ९० चौरस सेंटिमीटर. भिंतीत तळहाताएवढं भोक कुणी ठेवू देणार नाही, पण दाराखाली ते सगळेच चालवून घेतात. गार हवा जड असते, ती इथूनच खाली वाहून जाते, आणि तिच्या जागी वरच्या फटींतून गरम हवा येते. रबरी पट्टी लावा. जिन्यावरच्या टॉवरच्या, म्हणजे गच्चीवर उघडणाऱ्या, दारालाही विसरू नका; ते बहुधा पत्र्याचं असतं आणि चौखटीला कुठेच टेकत नाही. धूळसुद्धा तिथूनच खाली येते.

एसीच्या तांब्याच्या नळीचं भोक आतून झाकणाने सुबक दिसतं, पण झाकण काढून बघा, आरपार उजेड दिसेल. फॉल्स सीलिंगच्या वर भिंतीची छपाई (प्लास्टर) पूर्ण झाली आहे का तेही एकदा टॉर्चने पाहा. दिसत नाही म्हणून मिस्त्री तेवढा पट्टा सोडून देतात, आणि बीमखालच्या विटांच्या शेवटच्या थराचे सांधे उघडे राहतात.

खिडकीची फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये पांढरं सिमेंट भरलं असेल तर ते उन्हाने सुटणारच. ते खरवडून आत फोम भरा, फुगलेला भाग कापा, वर लवचिक सीलंट ओढा. रंग द्यायचा असेल तिथे अॅक्रिलिक घ्या, सिलिकॉनवर रंग धरत नाही. सरकत्या खिडकीचा झिजलेला ब्रश बदला, पण खालच्या पट्टीतली पाणी जायची छिद्रं बुजवू नका, नाहीतर जुलैत पाणी घरात येईल. भिंतींच्या बारीक भेगांना मात्र एक पावसाळा जाऊ द्या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नवं घर त्यासोबत थोडं हलतं.

आता जे कधीही बंद करायचं नाही ते. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हात जोडून सांगतो, तो आधी बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बंद बाथरूममध्ये माणूस उभ्याउभ्या कोसळतो. स्वयंपाकघराची खालची जाळी तशीच राहू द्या, कारण सिलिंडरचा गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. इन्व्हर्टरची नेहमीची अॅसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका. तिथे वरून वाट हवी. ती बॅटरी एसीच्या खोलीत ठेवूच नका.

आणि स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही. घट्ट केलेल्या खोलीत तिघं झोपलात तर सकाळी डोकं जड होईल. नवतप्यातसुद्धा, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, पहाटे हवा त्यातल्या त्यात निवलेली असते. एसी बंद करून अर्धा तास समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

स्लॅबच तापत असेल तर ते फटींचं काम नाही. त्यासाठी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप लागतो आणि तो वेगळा खर्च आहे. या रविवारी अगरबत्ती फिरवा, आणि खडूच्या खुणा कुठे कुठे पडल्या ते इथे लिहा. कोणती फट आधी घ्यायची ते त्यावरून सांगतो.