वाचकांचे प्रश्न : थ्रॅश मेटल आणि त्यातला समाज

मागील अंकातील एका उत्तरात थ्रॅश मेटल या वेगवान, कर्कश रॉक संगीतप्रकाराचा ओझरता उल्लेख आला होता आणि सामाजिक प्रश्नांवर गाणाऱ्या भूमिगत बँडची परंपरा त्यात मोठी आहे, असे तेथे म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. काही प्रश्न जागेअभावी संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर तो हे संगीत ऐकतो आणि हटकल्यावर सांगतो की, ही गाणी अन्यायाविरुद्ध आहेत. मला त्यात आरडाओरड्यापलीकडे काही ऐकू येत नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का? असल्यास एखादे ठोस उदाहरण द्यावे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे, परंतु ते सरसकट खरे नाही. थ्रॅशच्या पुष्कळ गाण्यांत समाज येतो तो युद्ध, अणुबॉम्ब, भ्रष्ट पुढारी अशा ढोबळ रूपात. अशा गाण्यावर कोणीही मान डोलवावी आणि कोणालाही ते झोंबू नये, अशीच त्याची रचना असते. या प्रकाराला खरे मोल येते ते गाण्यात विशिष्ट गाव, विशिष्ट तारीख आणि विशिष्ट माणसे आल्यावर. सर्वसाधारण संतापाकडून अशा नेमकेपणाकडे एखादा बँड कसा जातो, हे पाहायचे असेल तर ब्राझीलच्या ‘सेपल्टुरा’इतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

हा बँड १९८४ मध्ये मिनास जेराइस राज्याची राजधानी असलेल्या बेलो होरिझोंते या शहरात मॅक्स आणि इगोर काव्हालेरा या किशोरवयीन भावांनी सुरू केला. ब्राझीलमध्ये १९६४ साली आलेली लष्करी राजवट तेव्हा अखेरच्या घटका मोजत होती आणि ती १९८५ मध्ये संपली. वडील अकाली वारल्याने या भावांच्या घरची स्थिती एकाएकी हलाखीची झाली होती. तरीही त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत यातले काहीच नाही. १९८६ च्या ‘मॉर्बिड व्हिजन्स’ या तबकडीत सैतान, थडगी आणि नरक यांचीच रेलचेल आहे. तो मजकूर परदेशी बँडकडून उसना घेतलेला आहे, इंग्रजी कच्चे आहे आणि गिटारीसुद्धा धड सुरात लावलेल्या नाहीत. कॅथलिक धर्माचे वर्चस्व असलेल्या शहरात सैतानाचे नाव घेणे हेही एक बंड होते, असा बचाव काही जण करतात. तो मला अगदीच फोल वाटत नाही, पण त्या बंडाची धाव तेवढीच होती.

पुढच्या काही वर्षांत मजकूर बदलत गेला. १९८९ च्या ‘बिनीथ द रिमेन्स’मध्ये आणि १९९१ च्या ‘अराइझ’मध्ये सैतान मागे पडून युद्ध, धर्माच्या नावावरील हिंसा आणि झुंडीची मानसिकता हे विषय आले. ब्राझीलमध्ये त्या काळात महागाईचा वार्षिक दर हजार टक्क्यांच्या वर जात होता आणि १९९० मध्ये तर सरकारने लोकांची बँकेतील बचतच गोठवली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गाण्यांतील चीड नुसती शैलीची नव्हती, हे कळते.

खरा पालट दिसतो तो १९९३ च्या ‘केऑस ए. डी.’मध्ये. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साओ पाउलो येथील कारांदिरू तुरुंगात कैद्यांत दंगल उसळली, लष्करी पोलीस आत शिरले आणि १११ कैदी मारले गेले. ‘मॅनिफेस्ट’ या गाण्यात मॅक्स हा प्रसंग वार आणि तारखेसकट, बातमीपत्र वाचल्यासारख्या कोरड्या स्वरात सांगतो आणि मग वाद्ये तुटून पडतात. त्यात उपदेश नाही की घोषणा नाही. त्याच तबकडीतील ‘कायोवास’ ही रचना ग्वारानी-कायोवा या आदिवासींविषयी आहे. गुरांची कुरणे आणि शेतमळे यांच्यासाठी पूर्वजांच्या जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या या समाजात आत्महत्यांचे प्रमाण भयावह झाले होते. गंमत अशी की, या रचनेत शब्दच नाहीत. वेल्समधील चेपस्टो किल्ल्याच्या भग्न अवशेषांत बसून, विजेच्या गिटारी बाजूला ठेवून, साध्या गिटारी आणि तालवाद्ये यांवर ती ध्वनिमुद्रित केली आहे. आपल्याला आरडाओरड्याचा त्रास होत असेल, तर चिरंजीवांना प्रथम हीच ऐकवायला सांगा.

प्रश्न : आमच्याकडे शाहिरीची आणि जलशांची थोर परंपरा आहे. तेथे शब्द श्रोत्यापर्यंत स्वच्छ पोहोचतो, म्हणून त्याचा परिणाम होतो. ज्या गाण्यातील शब्द कळतच नाही, ते सामाजिक कसे म्हणावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. शाहीर उघड्या मैदानात, बहुधा निरक्षर असलेल्या समुदायासमोर उभा राहून गात असे आणि त्याचा शब्द पहिल्याच फटक्यात कळला नाही तर सारेच व्यर्थ जात असे. थ्रॅशचे गाणे मात्र छापील मजकुरासह घरी येते. तबकडीच्या वेष्टनातील कागदावर सगळे शब्द छापलेले असतात आणि श्रोता ते पुढ्यात घेऊन तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकतो. म्हणजे येथे आधी आघात पोहोचतो, अर्थ मागाहून येतो. या व्यवस्थेत तोटाही आहे, कारण अर्थापर्यंत कधीच न जाणारे चाहते उदंड असतात.

आघात कसा साधला जातो, हेही थोडक्यात सांगतो. ब्रिटनमधील हेवी मेटलची सुबक गिटार आणि हार्डकोअर पंक या बंडखोर रॉकचा वेग व तुसडेपणा यांच्या संयोगातून १९८० च्या दशकाच्या आरंभी, मुख्यतः सॅन फ्रान्सिस्को परिसरात, न्यूयॉर्कमध्ये आणि पश्चिम जर्मनीत हा प्रकार आकाराला आला. गिटारवादक उजव्या तळहाताची कड तारांवर किंचित टेकवून आवाज दाबतो आणि वेगाने तार छेडत राहतो, त्यामुळे सूर लांबत नाही, तुटक ठोका बनतो. ड्रमवादक दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो. गायक सुरापेक्षा लयीवर अधिक विसंबतो आणि शब्द तालवाद्यासारखा आपटतो. हे सगळे वादन कमालीच्या अचूकतेने जुळावे लागते. वरवर ऐकणाऱ्याला गोंधळ वाटणाऱ्या या संगीतात ढिलाईला अजिबात जागा नसते.

प्रश्न : ‘भूमिगत’ म्हणजे नक्की काय? बँडला परदेशी कंपनी मिळाली, जगभर कार्यक्रम झाले, तरी तो भूमिगत राहतो का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : राहत नाही, आणि तसे म्हणवून घेणे हा दिखाऊपणा ठरतो. भूमिगत या विशेषणाने बँडची मनोवृत्ती सांगितली जाते असा समज आहे, परंतु प्रत्यक्षात ते संगीत हातोहात कसे पसरते याचे ते वर्णन आहे. आकाशवाणी, दूरचित्रवाणी, मोठ्या कंपन्या यांपैकी कोणीही वाली नसताना १९८० च्या दशकातील मेटल टपालाने पसरले. एका देशातील मुलगा आपल्याजवळच्या कॅसेटची प्रत काढून दुसऱ्या देशातील अनोळखी मुलाला पाठवी, बदल्यात त्याच्याकडील कॅसेट मागवी आणि सोबत हाताने जुळवलेली, झेरॉक्स केलेली मासिके जात. या देवघेवीतून बेलो होरिझोंतेचे नाव युरोपातील आणि अमेरिकेतील श्रोत्यांपर्यंत गेले.

स्थानिक पातळीवरचा आधार होता ‘कोगुमेलो’ या दुकानाचा. तबकड्या विकणाऱ्या या दुकानाने स्वतःच ध्वनिमुद्रिका काढण्याचे धाडस केले आणि १९८५ मध्ये सेपल्टुराची पहिली मुद्रिका ‘ओव्हरडोझ’ या दुसऱ्या स्थानिक बँडबरोबर एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर प्रसिद्ध केली. सार्कोफागो, म्युटिलेटर, शाकाल हे बँडही त्याच शहरातले. एका दुकानाच्या पाठबळाने एका प्रांतिक शहरात असा गोतावळा उभा राहिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत कमी दखल घेतली गेलेली बाब हीच आहे. पुढे मॅक्स विमान कंपनीतील एका ओळखीच्या माणसामार्फत तिकीट मिळवून न्यूयॉर्कला गेला, तेथे त्याने आपले ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या हाती पोहोचवले आणि ‘रोडरनर’ या कंपनीशी करार झाला. ‘बिनीथ द रिमेन्स’ मात्र रिओतील स्टुडिओत रात्री जागूनच मुद्रित करावी लागली, कारण पैसे बेताचेच होते. तेव्हापासून हा बँड भूमिगत राहिला नाही. परंतु कारांदिरूवरचे गाणे त्यानंतरचे आहे, म्हणजे भूमिगत असताना जे त्याला सुचले नाही ते मोठा झाल्यावर सुचले. भूमिगत तेवढे सच्चे आणि प्रसिद्ध तेवढे विकाऊ, ही विभागणी निदान या बँडपुरती तरी टिकत नाही.

प्रश्न : आदिवासींच्या दुःखावर गाणी करून तबकड्या विकायच्या, यात शोषणच नाही का? आणि अशा गाण्यांनी कोणाचे भले झाले? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण दोन प्रश्न एकत्र केले आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

पहिल्याचा निकाल काम कसे केले यावर लागतो. १९९६ च्या ‘रूट्स’ या तबकडीसाठी हे वादक मातो ग्रोसो राज्यात शावांते आदिवासींच्या वस्तीवर गेले, त्यांच्यासोबत राहिले आणि त्यांचे गायन त्यांच्याच वस्तीत, त्यांच्यासह मुद्रित केले. तयार ध्वनिफितीतून आदिवासींचा आवाज कापून आपल्या गाण्यावर चिकटवण्याची सोपी वाट त्यांना मोकळी होती, ती त्यांनी घेतली नाही. त्याच तबकडीत रबर कामगारांचे नेते आणि ॲमेझॉनचे रक्षक शिकू मेंदेस यांच्यावर एक गाणे आहे. जंगल तोडून गुरे पाळू पाहणाऱ्यांनी २२ डिसेंबर १९८८ रोजी मेंदेस यांना त्यांच्या घराशीच गोळी घातली होती. तरीही मुखपृष्ठावर आदिवासी चेहरा आणि नफा परदेशी कंपनीला, हा आपला आक्षेप पुरता मिटत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय ‘रूट्स’ हे संगीतदृष्ट्या थ्रॅश राहिलेलेच नाही, पण तो निराळा वाद आहे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. कारांदिरूचे खटले तीन दशके रेंगाळले. कारवाईचे नेतृत्व करणाऱ्या कर्नलला २००१ मध्ये ६३२ वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि २००६ मध्ये ती रद्द झाली. इतर पोलिसांना २०१३ आणि २०१४ मध्ये शिक्षा झाल्या, त्याही कोर्टकचेरीच्या फेऱ्यांत अडकल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी देऊन टाकली, तिच्यावरही पुन्हा वाद झाला. तुरुंगाच्या काही इमारती २००२ मध्ये पाडल्या गेल्या. गाण्याने यातले काहीही घडवले नाही किंवा थांबवले नाही. पोर्तुगीजचे अक्षरही न जाणणाऱ्या, ब्राझीलच्या वर्तमानपत्राशी कधीच संबंध न येणाऱ्या देशोदेशींच्या पोरांना मात्र त्या तुरुंगाचे नाव आणि ती तारीख ठाऊक झाली, एवढे या गाण्याच्या खाती जमा करता येते.

प्रश्न : असे काही आपल्याकडे आहे का? मुलाला परदेशी बँडऐवजी इथला बँड सुचवायचा आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. मुंबईचा ‘सेप्टर’ हा बँड १९९८ पासूनचा, म्हणजे भारतातील जुन्या थ्रॅश बँडपैकी एक. त्याची २०१३ ची ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ ही तबकडी स्त्रियांवरील अत्याचार या एकाच विषयावर बेतलेली आहे आणि तिच्या विक्रीचे उत्पन्न मुलींच्या अनाथाश्रमासाठी देण्याचे बँडने ठरवले होते. गाणी इंग्रजीत आहेत. मराठीतील थ्रॅशची वाट पाहणाऱ्यांत मीही आहे, कारण आपल्या भाषेतील जोडाक्षरे आणि तोडून बोलण्याची ढब या गायनाला फार चांगली मानवेल, असे मला वाटते.

मुंबईत या संगीताचे एक जुने ठिकाण म्हणजे धोबी तलावाजवळचे रंगभवन. तेथील खुल्या रंगमंचावर वर्षानुवर्षे रॉकचे मोठे महोत्सव होत आणि पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ते बंद पडले. आता असे कार्यक्रम लहान क्लबांत आणि अधूनमधून होणाऱ्या महोत्सवांत होतात. मुलाला इथला बँड जरूर सुचवावा, पण ‘ऐवजी’ हा शब्द तेवढा वगळावा. सेप्टर आणि सेपल्टुरा दोन्ही ऐकणारा मुलगा आपली निवड आपणच करील. पहिल्यांदा ऐकताना गाण्यांचे शब्द छापून घ्यावेत, आवाज मध्यम ठेवावा आणि एका बैठकीत एकाच तबकडीची एकच बाजू ऐकावी.